विजयनगर : एका दिवसाचा प्रवास

तुंगभद्रेच्या दक्षिण तीरावर, कर्नाटकातील हंपी या लहानशा गावाभोवती विजयनगरच्या राजधानीचे अवशेष पसरले आहेत. जागतिक वारसास्थळ म्हणून १९८६ साली नोंदल्या गेलेल्या या परिसराचा गाभा सुमारे ४२ चौरस किलोमीटरचा आहे. देवळे, मंडप, तट, वेशी, हौद आणि चौथरे यांची येथे इतकी गर्दी आहे की, पंधरवडाभर हिंडूनही सर्व पाहून झाले असे म्हणता येणार नाही. तरीही पुष्कळ प्रवाशांच्या हाती एकच दिवस असतो. हा दिवस कसा खर्च करावा, हा या प्रकरणाचा विषय आहे.

सर्वसाधारण प्रवासी इमारतींची यादी घेऊन निघतो आणि एकामागून एक नावे खोडत जातो. संध्याकाळी त्याच्याजवळ काही छायाचित्रे असतात. परंतु ज्या नगरातून तो हिंडला ते नगर म्हणून त्याच्या मनात उभे राहत नाही. याचे कारण असे की राजधानी म्हणजे इमारतींचा संग्रह नव्हे. देवाचे अधिष्ठान, राजाची सत्ता आणि लोकांचे अन्नपाणी या तीन गोष्टी जेथे एकत्र बांधल्या जातात, तेथे राजधानी उभी राहते. पहिल्या दोहोंच्या खुणा उंच आणि कोरीव असल्यामुळे सहज दिसतात. तिसरीच्या खुणा जमिनीलगत असतात आणि त्या मुद्दाम शोधाव्या लागतात. म्हणून विजयनगरात एक दिवस घालवणाऱ्याने यादीऐवजी एक प्रश्न सोबत घ्यावा : या खडकाळ, कमी पावसाच्या प्रदेशात एवढे मोठे नगर जगले कसे?

नगराचा पूर्ववृत्तांत

परंपरेनुसार १३३६ साली हरिहर आणि बुक्क या बंधूंनी विजयनगरच्या राज्याचा पाया घातला. संगम, साळुव, तुळुव आणि आरविडू अशी चार राजघराणी येथे क्रमाने आली. त्यांपैकी तुळुव घराण्यातील कृष्णदेवराय (कारकीर्द १५०९ ते १५२९) याच्या काळात राज्य वैभवाच्या शिखरावर होते. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत रामरायाचा पराभव झाला. दख्खनच्या सुलतानांच्या एकत्रित सैन्याने, ज्यात अहमदनगरची निजामशाही फौजही होती, राजधानी लुटली. राजदरबार पेनुकोंड्याला गेला आणि नगर ओसाड पडले.

हा इतिहास सांगताना त्याला दोन धर्मांतील युद्धाचे सोपे रूप देण्याचा मोह होतो. अवशेष तसे सांगत नाहीत. विजयनगरच्या सैन्यात मुसलमान सरदार आणि सैनिक होते. १४३९ साली अहमदखान नावाच्या अधिकाऱ्याने याच नगरात एक वास्तू बांधली आणि तिच्यावरील लेखात तिला ‘धर्मशाळा’ म्हटले. ती त्याची मशीद होय. राजपरिसरातील कमानी आणि घुमट सुलतानांच्या राज्यांतील बांधणीशी नाते सांगतात. शत्रुत्व आणि देवाणघेवाण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या, हे ध्यानात ठेवून नगरात प्रवेश करावा.

पूर्वतयारी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. उन्हाळ्यात येथील प्रचंड शिळा दिवसभर तापतात आणि दुपारी चालणे जवळजवळ अशक्य होते. पावसाळ्यात तुंगभद्रा धरणातून पाणी सोडले की नदीकाठचे मंडप बुडतात आणि काठची वाट बंद पडते. चैत्रातील विरूपाक्षाच्या रथोत्सवाला यात्रेकरूंची दाटी होते. उत्सव पाहायचा असेल तर तो दिवस उत्तम, परंतु अवशेष पाहण्यासाठी दुसरा दिवस निवडावा.

जवळचे रेल्वे स्थानक होसपेट, ज्याचे अधिकृत नाव २०१४ पासून होसपेटे असे आहे. तेथून हंपी सुमारे १३ किलोमीटर. आदल्या रात्री होसपेटे, कमलापूर किंवा हंपी येथे मुक्काम करावा. पहाटेचे दोन तास हातचे गेले तर त्यांची भरपाई दिवसभरात होत नाही. दिवसभरासाठी ऑटोरिक्षा ठरवून घेणे सोयीचे. मात्र चालकाला आपला क्रम आधी सांगावा, नाही तर तो आपल्या नेहमीच्या क्रमाने नेईल. पाणी, टोपी आणि चालण्याजोगी पादत्राणे आवश्यक आहेत. विठ्ठल मंदिराच्या प्रवेशाचे तिकीट त्याच दिवशी राजपरिसरातील झनान्यासाठी आणि संग्रहालयासाठीही चालते, म्हणून ते जपून ठेवावे.

निघण्यापूर्वी नकाशाकडे एकदा शांतपणे पाहावे. उत्तरेला नदी आणि तिच्या काठाने मोठी देवळे. दक्षिणेला तटबंदीच्या आत राजपरिसर. आणि या दोहोंच्या मध्ये एक हिरवी, सखल दरी. प्रवासी या दरीतून केवळ वाहनाने जातात. वर सांगितलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र तेथेच आहे.

पहाट : हेमकूट आणि विरूपाक्ष

सूर्योदयापूर्वी हेमकूट टेकडीवर जावे. चढ सौम्य आहे. टेकडीवरील लहान देवळांची पायऱ्या-पायऱ्यांची शिखरे पाहून ती जैन मंदिरे असावीत असा समज पूर्वी रूढ होता. वस्तुतः ती बहुतेक शिवाची आहेत आणि त्यांपैकी काही विजयनगरच्या स्थापनेहूनही जुनी आहेत. याचा अर्थ असा की राजांनी येथे क्षेत्र निर्माण केले नाही. क्षेत्र आधीच होते आणि राजांनी त्याच्या आश्रयाला येऊन राजधानी वसवली. नदीचे जुने नाव पंपा. त्याच नावाची देवी येथे विरूपाक्षाची पत्नी मानली जाते आणि ‘हंपी’ हे नावही ‘पंपा’ या शब्दाचेच कन्नड रूप आहे. रामायणातील किष्किंधा हीच, अशी श्रद्धा असल्यामुळे भोवतालच्या मतंग, माल्यवंत, अंजनाद्री या टेकड्यांना रामकथेतील नावे मिळाली आहेत.

टेकडीवरून उतरून विरूपाक्ष मंदिरात जावे. पूर्वेचे नऊ मजली गोपुर सुमारे ५० मीटर उंच आहे. रंगमंडप कृष्णदेवरायाने आपल्या राज्यारोहणाच्या प्रसंगी बांधविला. १५१० सालचा शिलालेख तसे सांगतो. त्याच्या छतावरील चित्रे आणि भिंतीतील लहान छिद्रातून आत पडणारी गोपुराची उलटी प्रतिमा पाहावी. या मंदिराचे खरे वैशिष्ट्य मात्र वेगळे आहे. राजधानी नष्ट झाली, परंतु येथील पूजा आजही चालू आहे. राजाच्या आधी असलेला देव राजाच्या नंतरही राहिला.

मंदिरासमोर सुमारे पाऊण किलोमीटर लांबीचा सरळ बाजार आहे. दोन्ही बाजूंच्या दगडी मंडपांत पुढील काळात कुटुंबे राहू लागली आणि दुकाने थाटली गेली. २०११ साली ही वस्ती आणि दुकाने तेथून हटविण्यात आली. वास्तूंच्या रक्षणासाठी हे आवश्यक होते असे काहींचे मत आहे. पिढीजात बाजारातून माणसे काढली तर बाजाराचे केवळ कलेवर उरते, असे इतरांना वाटते. या रिकाम्या मंडपांपुढून जाताना वाचकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा. जुने नगर जतन करणे म्हणजे नेमके काय जतन करणे?

सकाळ : नदीकाठाने विठ्ठल मंदिराकडे

बाजाराच्या पूर्व टोकाला एका अखंड शिळेतील नंदी आहे. तेथून डावीकडे नदीकाठची वाट धरावी आणि वाहन रस्त्याने विठ्ठल मंदिराकडे पुढे पाठवावे. ही सुमारे दोन किलोमीटरची पायवाट या दिवसातील सर्वांत सुंदर भाग होय. एका बाजूला पात्रातील शिळा, त्यांमधून फिरणाऱ्या बांबूच्या गोल होड्या. दुसऱ्या बाजूला कोदंडराम मंदिर आणि अच्युतराय मंदिराचा निर्जन बाजार. पुढे दोन खांब आणि आडवी तुळई यांची चौकट दिसते. तिला राजाची तुला म्हणतात; तिच्यावर राजा सोन्याने तोलला जाई आणि ते सोने दान होई, अशी परंपरा आहे.

विठ्ठल मंदिर मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटेल. पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरच्या राजाने नेली होती आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी कथा वारकरी परंपरेत सांगितली जाते. येथील गाभारा आज रिकामा आहे. कथेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, विठ्ठलभक्तीची एकच धारा भीमेच्या आणि तुंगभद्रेच्या काठाने वाहत होती, हे तीवरून स्पष्ट होते. कन्नड संतकवी पुरंदरदास यांची नाममुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’ अशी आहे आणि त्यांच्या नावाचा मंडप जवळच नदीत उभा आहे.

अंगणातील दगडी रथ २०१७ पासून पन्नास रुपयांच्या नोटेवर आला आहे. तो एका शिळेचा वाटला तरी अनेक दगड जोडून केलेला आहे. वस्तुतः ते गरुडाचे देऊळ होय. रथापुढील हत्ती मागाहून ठेवलेले आहेत. मूळ घोडे होते आणि त्यांच्या खुणा बारकाईने पाहणाऱ्यास अजून दिसतात. अलेक्झांडर ग्रीनलॉ याने १८५६ साली घेतलेल्या छायाचित्रात रथावर विटांचे शिखरही आहे; ते पुढे काढून टाकण्यात आले. म्हणजे जे आपण मूळ रूप म्हणून पाहतो तेही बदललेले रूप असते. महामंडपाचे सूक्ष्म खांब आघाताने स्वर देतात, परंतु तसे करण्यास बंदी आहे. हजारो हातांनी प्रत्येकी एकदाच वाजविले तरी दगड झिजतो.

दुपार : कमलापूरचे संग्रहालय

ऊन चढू लागले की रस्त्याने कमलापूरला यावे, भोजन करावे आणि पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय पाहावे. हे शुक्रवारी बंद असते. पुष्कळ प्रवासी संग्रहालय शेवटी ठेवतात आणि मग थकव्यामुळे ते गाळतात. ते मध्यावर ठेवण्यात लाभ आहे. येथे साऱ्या परिसराची उठावाची प्रतिकृती आहे. सकाळी पायांखाली घातलेली भूमी आणि दुपारनंतर पाहायची भूमी यांचा संबंध ती एका दृष्टिक्षेपात लावून देते. तटांच्या रेषा कशा एकीआड एक जातात, तेही येथेच उमगते.

इराणच्या शाहरुख बादशहाचा वकील अब्दुर रज्जाक १४४३ साली विजयनगरला आला होता. त्याने सात तटांचे वर्णन केले आहे आणि बाहेरच्या तटांच्या दरम्यान शेते, बागा आणि घरे असल्याचे नमूद केले आहे. हे फार महत्त्वाचे आहे. वेढ्याच्या काळासाठी किल्ल्यात धान्याची कोठारे भरून ठेवणे ही सर्वत्र आढळणारी रीत. येथे तटाच्या आत शेतेच घेतली होती. ही खर्चाची व्यवस्था होती, आणि तिच्यामुळेच एवढी लोकवस्ती पोसता आली.

दुपारनंतर : राजपरिसर

राजपरिसरात हिंडताना एक सावधगिरी बाळगावी. ‘राणीचे स्नानगृह’, ‘कमलमहाल’ ही नावे त्या काळची नाहीत. ती पुढे पडली. १७९९ मध्ये या अवशेषांची पहिली पाहणी करून नकाशा काढणारा कॉलिन मॅकेंझी याने कमलमहालाला मंत्रणागृह मानले होते. झनाना म्हणून दाखविल्या जाणाऱ्या आवाराच्या उपयोगाविषयीही अभ्यासकांत एकमत नाही. शेजारची अकरा दालनांची गजशाळा मात्र पाहताक्षणी मनात भरते.

महानवमी दिब्बा हा तीन टप्प्यांचा प्रचंड चौथरा या परिसराचा केंद्रबिंदू होय. त्याच्यावरील लाकडी वास्तू नष्ट झाली आहे. बाजूंवर शिकार, नर्तन, हत्ती आणि घोडे घेऊन आलेले परदेशी व्यापारी कोरलेले आहेत. घोड्यांना विजयनगरच्या राजकारणात मोठे स्थान होते. अरबस्तानातून आलेले घोडे पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत उतरत आणि १५१० साली गोवा जिंकल्यानंतर पोर्तुगीजांनी या व्यापारावर हात ठेवला. सुमारे १५२० मध्ये आलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाएस याने महानवमीचा उत्सव पाहून लिहून ठेवला आहे. टेकडीवरून जेवढे नगर दिसले तेवढेच त्याला रोमएवढे मोठे वाटले.

दिब्ब्याजवळ पायऱ्यांचा चौकोनी हौद आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील उत्खननात तो मातीखालून बाहेर आला. काळसर दगडांवर त्यांच्या जागा दर्शविणाऱ्या खुणा कोरलेल्या आहेत, म्हणजे दगड आधी घडवून मग क्रमाने बसविले. हौदाकडे येणारा, दगडी खांबांवर तोललेला पन्हळ अवश्य पाहावा. तो उलट दिशेने नजरेने अनुसरावा. पाणी कमलापूरच्या तलावातून येई आणि हा तलाव पंधराव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. अशा तलावांसाठी किती श्रम पडत याची कल्पना पाएसच्या वर्णनावरून येते. कृष्णदेवरायाच्या एका तलावाच्या कामावर त्याने पंधरा ते वीस हजार माणसे पाहिली.

येथून हजारराम मंदिराकडे जावे. हे राजघराण्याचे मंदिर होते आणि परिसरातील अनेक मार्ग त्याच्यापुढे येऊन मिळत. आवारभिंतीच्या बाहेरच्या अंगाला मिरवणुकीतील हत्ती, घोडे, सैनिक, नर्तिका. आतल्या बाजूला रामकथा. राजाचा उत्सव बाहेर आणि रामाची कथा आत, अशी ही योजना राजसत्ता व देव यांचे नाते एका भिंतीवर सांगून टाकते.

सायंकाळ : दरीतील पाणी

परतताना कमलापूर–हंपी रस्त्यावर कृष्णमंदिराजवळ वाहन थांबवावे. उदयगिरीच्या विजयानंतर कृष्णदेवरायाने हे मंदिर बांधले. जवळच ६.७ मीटर उंचीचा, १५२८ साली घडविलेला नरसिंह आहे. त्याच्या उग्र मुद्रेमुळे त्याला उग्रनरसिंह म्हणतात. परंतु मांडीवरील लक्ष्मी भंगली असून तिचा एक हात अजून देवाच्या पाठीवर आहे. म्हणजे हा लक्ष्मीनरसिंह होय. शेजारच्या मोठ्या शिवलिंगाभोवती पाणी असते.

हे पाणी कोठून येते, हे विचारणाऱ्याला दिवसभराच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. तुंगभद्रेवर बंधारे घालून तिचे पाणी कालव्यांनी या दरीत वळविले होते. संगम राजांच्या काळातील हिरिय, म्हणजे थोरला, कालवा त्यांपैकी मुख्य. देवळांचा प्रदेश आणि राजाचा प्रदेश यांमधली ही भूमी त्यामुळे भिजत असे. आजही या जुन्या कालव्यांच्या पाण्यावर येथे केळी, ऊस आणि भात पिकतो. राजवाडे चौथऱ्यापुरते उरले, सिंहासनाचा मागमूस नाही, आणि पाटाचे पाणी मात्र वाहत आहे. ज्या कामावर कोणी आपली कीर्ती कोरली नाही तेच काम सर्वांत अधिक टिकले.

काय वगळावे, काय जपावे

या क्रमात पलीकडच्या तीरावरील आनेगुंदी, मतंग टेकडीचा चढ, अच्युतराय मंदिराचा अंतर्भाग, माल्यवंत ही सारी स्थळे सुटतात. ती सुटू द्यावीत. दोन स्थळे अधिक पाहण्यासाठी दरीतील अर्धा तास गमावणे हा तोट्याचा व्यवहार होय. दुसरा दिवस मिळाला तर मात्र तो आनेगुंदीला द्यावा.

विजयनगरचे भवितव्य पाहुण्यांच्या वागण्यावरही अवलंबून आहे. नव्या पुलांच्या बांधकामामुळे १९९९ साली हे स्थळ संकटग्रस्त वारशांच्या यादीत गेले होते. २००६ मध्ये ते त्या यादीतून बाहेर आले. २०१९ साली काही तरुणांनी एका मंदिराच्या आवारातील खांब ढकलून पाडले. न्यायालयाने त्यांना दंड केला आणि ते खांब त्यांच्याकडूनच पुन्हा उभे करविले. शिक्षा योग्यच होती, परंतु पडलेला दगड पूर्वीसारखा होत नाही. चढू नये, वाजवू नये, नावे कोरू नयेत, हे नियम त्यासाठीच आहेत. शेताच्या बांधावरून जाताना पीक तुडवू नये आणि पाटात कचरा टाकू नये, हाही नियम त्यांच्याच जोडीला ठेवावा. कारण तो पाटही सहाशे वर्षांचा वारसाच आहे, आणि त्याच्या पाण्यावर आज कोणाचे तरी पीक उभे आहे.